विज्ञानाच्या पंगतीत पान कोणाचे?

जानेवारी २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेतील अनेक तरुण शास्त्रज्ञांवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. पीएच.डी. पूर्ण झालेली, पण कायमची नोकरी अद्याप न मिळालेली ही मंडळी. नॅशनल सायन्स फाउंडेशन या तेथील केंद्रीय संस्थेच्या पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्तीवर त्यांचा चरितार्थ चाले. महिनाअखेरीस हक्काचे मानधन काढावयास गेले, तो दार बंद! अपराध कोणता? २० जानेवारीला सत्तारूढ झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी आदेश काढला होता की, शासनाच्या पैशातून चालणारे ‘विविधता, समता आणि समावेशन’ या नावाचे कार्यक्रम गुंडाळावेत. कोणते अनुदान या व्याख्येत बसते आणि कोणते नाही, याची छाननी होईपर्यंत संस्थेने सरसकट देणी थांबविली. न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर फेब्रुवारीच्या आरंभी पैसे पुन्हा मिळू लागले खरे. परंतु एप्रिलमध्ये त्याच संस्थेने विविधतेशी निगडित अनुदाने रद्द करण्याचा सपाटा लावला.

याच संस्थेची ‘एमपीएस-असेंड’ नावाची एक योजना होती. गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, खगोलशास्त्र या विषयांत ज्या समाजगटांचे प्रमाण नगण्य आहे त्यांचा सहभाग वाढावा, हा तिचा घोषित हेतू. उमेदवाराने आपले संशोधन तर मांडावयाचेच, शिवाय हा सहभाग आपण कसा वाढविणार, याचाही आराखडा जोडावयाचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा प्रकारची अधिछात्रवृत्ती १९८४ पासूनच चालविली आहे. ज्या देशाने आपल्याच कृष्णवर्णीय नागरिकांना पिढ्यान् पिढ्या विद्यापीठांच्या उंबरठ्याबाहेर उभे केले, त्या देशाला असे प्रायश्चित्त घ्यावेसे वाटले, यात नवल नाही. नवल याचे की, चार दशकांच्या या उद्योगानंतरही तो समाजाच्या अंगवळणी पडला नाही. शासनाच्या एका सहीने तो वाढत गेला आणि दुसऱ्या सहीने त्याचा श्वास कोंडला.

या घटनेचे पडसाद आपल्याकडे दोन प्रकारे उमटले. एक वर्ग हळहळला. अमेरिकन विद्यापीठांत शिजलेला प्रत्येक सिद्धांत, वंशाच्या जागी जात हा शब्द घालून, जसाच्या तसा भारतावर लादणारी ही तथाकथित पुरोगामी मंडळी. त्यांच्या दृष्टीने ‘डायव्हर्सिटी’ हा मंत्र आणि अमेरिका हे त्याचे शक्तिपीठ. तेथील पीठच हादरल्यावर त्यांना आधार कोठला? दुसऱ्या वर्गाने टाळ्या पिटल्या. ‘बरे झाले! विज्ञानाला जात नसते, लिंग नसते. गुणवत्ता तेवढी खरी,’ असे हा वर्ग म्हणाला. या दुसऱ्या वर्गात राष्ट्रीय विचारांची म्हणविणारी अनेक सुशिक्षित कुटुंबे आहेत, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या वर्गाचा समाचार आजवर पुष्कळ घेतला गेला आहे. आज या दुसऱ्या वर्गाशी थोडे बोलणे अगत्याचे आहे, कारण तो घरचा आहे.

विज्ञानाला जात नसते, हे शंभर टक्के सत्य आहे. समीकरणाला जानवे नसते आणि ताऱ्याच्या वर्णपटाला गोत्र नसते. पण शास्त्रज्ञाला पोट असते, घर असते, गाव असते आणि ज्या खानावळीत तो जेवतो तेथे त्याच्या शेजारी बसण्यास कोणी तयार आहे की नाही, हाही प्रश्न असतो. याचा दाखला हवा असेल तर अमेरिकेला जावयास नको.

सरस्वतीपूजा आणि मेघनाद साहा

ढाक्याजवळच्या शेवडातली या खेड्यात १८९३ मध्ये एका गरीब वाण्याच्या पोटी मेघनाद साहा यांचा जन्म झाला. वडिलांची इच्छा मुलाने दुकानात बसावे. पुढच्या शिक्षणाची शाळा गावापासून दूर. तेव्हा अनंतकुमार दास या स्थानिक डॉक्टरांनी त्या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. त्याने आपले ताट स्वतः घासावे आणि घरच्या गाईची निगा राखावी, एवढीच बोली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून मुलगा ढाक्याच्या सरकारी शाळेत गेला. १९०५ साल. बंगालच्या फाळणीचे. इंग्रज गव्हर्नरच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला, त्यात साहा होते. शाळेतून नाव कमी झाले आणि शिष्यवृत्तीही गेली. देशभक्तीची ही किंमत एका वाण्याच्या मुलाने वयाच्या बाराव्या वर्षी मोजली.

हाच मुलगा पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आला. सत्येंद्रनाथ बोस त्याचे सहाध्यायी, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय त्याचे गुरू. देशाच्या विज्ञानाचा सुवर्णकाळच म्हणावयाचा! आणि त्याच काळात ज्या ईडन हिंदू वसतिगृहात तो राहत होता, तेथे काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्याच्या पंक्तीस बसण्यास नकार दिला. सरस्वतीपूजेच्या दिवशी देवीला पुष्पांजली वाहण्यासही त्याला मज्जाव झाला. ज्याच्यावर सरस्वती त्या शतकात सर्वाधिक प्रसन्न होती अशा मोजक्या भारतीयांपैकी एकाला, सरस्वतीच्याच मखरापासून दूर सारणारे ते विद्यार्थी अमेरिकन नव्हते, ब्रिटिश नव्हते. हिंदू वसतिगृहातील हिंदू होते. ही जखम झाकून ठेवणे म्हणजे हिंदुत्व नव्हे. समरसतेचा विचार ज्यांनी मांडला, त्यांनी ती उघडी करूनच धुण्याचा आग्रह धरला होता.

आता ‘गुणवत्ता तेवढी खरी’ म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग ऐकावा. साहांची गुणवत्ता त्यांच्या बुद्धीत होती, पण ती इंग्लंड-जर्मनीच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचली कशी? क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून वित्त सेवेच्या परीक्षेला बसण्याची वाट सरकारने आधीच बंद केली होती. डी.एस्सी. झाल्यानंतर, ताऱ्यांच्या वर्णपटाच्या वर्गीकरणावरील निबंधासाठी १९१९ मध्ये त्यांना कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली आणि जोडीला गुरुप्रसन्न घोष प्रवासवृत्ती. आजच्या भाषेत हीच पोस्टडॉक्टरल फेलोशिप! तिच्या बळावर ते लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या आणि नंतर बर्लिनला नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आयनीभवनाचे समीकरण आजही जगातील प्रत्येक खगोलशास्त्राच्या पुस्तकात आहे. ताऱ्याचे तापमान आणि त्याच्या प्रकाशातील रेषा यांचे नाते त्या एका समीकरणाने उलगडले.

हे प्रेमचंद रायचंद कोण? मुंबईचे कापसाचे व्यापारी. आपल्या आईच्या नावाने मुंबई विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर उभारणारे. १८६६ मध्ये त्यांनी दोन हजार किलोमीटरांवरच्या कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले. त्या काळचे दोन लाख! (अमेरिकेतील गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धामुळे तेथला कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातला काही भाग अखेर बंगालमधील एका बहिष्कृत वाण्याच्या मुलाच्या पदरात पडला. इतिहासाचे हिशेब असे फिरतात.) देणाऱ्याने अर्जावर जातीचा रकाना ठेवला नव्हता आणि विविधतेची घोषणाही केली नव्हती. पण योग्य वेळी, पीएच.डी.सारखी पदवी पदरात पडून पुढचा रस्ता दिसेनासा होतो नेमक्या त्या वळणावर, हातात पैसा ठेवला. एका खेड्यातील डॉक्टर आणि मुंबईचा एक शेटजी या दोघांनी जे केले, ते नसते तर गुणवत्ता शेवडातलीच्या दुकानात मीठ-मिरची तोलत बसली असती.

प्रबंध आहे, पदवी नाही

जातीचे हे झाले. स्त्रियांचे काय झाले, याचा हिशेब त्याहून अवघड आहे, कारण त्यात आपले सर्वांत मोठे विज्ञानपुरुष गुंतलेले आहेत.

१९३३ मध्ये मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात प्रथम येऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागू लागल्या. संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलींना प्रवेश नाही, हे त्यांचे उत्तर. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष उमेदवारीचे, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ द्यावयाचे नाही! त्यांनी ते वर्ष काम करून जिंकले, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळविली आणि परदेशातील संधी बाजूला सारून मायदेशी परत आल्या. रामन यांचे राष्ट्रप्रेम आणि विज्ञाननिष्ठा वादातीत आहे. त्यांच्या शोधाचा २८ फेब्रुवारी हा दिवस देश विज्ञानदिन म्हणून पाळतो आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु महापुरुषाचे थोरपण सांगताना त्याची चूक गिळून टाकणे ही श्रद्धा नव्हे, आळस आहे.

कमलाबाईंचा विषय जीवरसायन. पदार्थविज्ञानात तर चित्र आणखी बोलके आहे. अ‍ॅना मणी या त्रावणकोरच्या मुलीने वयाच्या आठव्या वर्षी वाढदिवसाला हिऱ्याची कर्णफुले नाकारून विश्वकोशाचे खंड मागितले होते. वैकोम सत्याग्रहाच्या वातावरणात खादी अंगावर चढविली. पुढे नियतीने तिला रामन यांच्याच प्रयोगशाळेत आणले आणि संशोधनाला विषय दिला तो हिरे आणि माणकांच्या प्रकाशदीप्तीचा. एकेका वर्णपटाच्या छायाचित्रासाठी पंधरा-वीस तास काच प्रकाशात ठेवावी लागे. ती रात्र रात्र प्रयोगशाळेत झोपे. १९४२ ते १९४५ या काळात तिने एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठास सादर झाला आणि विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण? तिच्याजवळ एम.एस्सी.ची पदवी नव्हती! पाच शोधनिबंधांपेक्षा एक कागद वजनदार ठरला. पदार्थविज्ञानातच पुढे काम करण्याची तिची इच्छा होती. पण इंग्लंडला जाण्यासाठी जी सरकारी शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामान-उपकरणांची. म्हणून ती हवामानशास्त्रज्ञ झाली.

यात देशाचे नुकसान झाले, असे म्हणावे तरी पंचाईत. १९४८ मध्ये अ‍ॅना मणी पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रे त्यांनी प्रमाणित केली आणि तोवर परदेशातून येणारी उपकरणे येथेच बनू लागली. स्वदेशीची याहून सरळ व्याख्या कोणती? परंतु पदार्थविज्ञानाने जे गमावले ते गमावलेच. शिष्यवृत्ती कोणत्या विषयाला, किती वयापर्यंत आणि कोणता कागद दाखविल्यावर, या तीन ओळी माणसाचे आयुष्य वळवितात. या ओळी लिहिणाऱ्या कारकुनाला त्याची जाणीवही नसते.

विभा चौधुरी यांची कथाही याच काळातली. देबेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनी हिमालयाच्या उंचीवर छायाचित्रणाच्या काचा ठेवून विश्वकिरणांतील कणांच्या खुणा टिपल्या, ‘नेचर’मध्ये निबंध प्रसिद्ध केले. महायुद्धामुळे अधिक संवेदनशील काचा मिळाल्या नाहीत आणि काम तेथेच थांबले. याच तंत्राने पुढे इंग्लंडात सेसिल पॉवेल यांनी पायऑन कणाचा शोध लावला, त्यांना १९५० चे नोबेल मिळाले. विभाबाईंना होमी भाभांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. त्या तेथील पहिल्या महिला संशोधक. १९९१ मध्ये त्या गेल्या तेव्हा किती वृत्तपत्रांनी दखल घेतली? २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने एका ताऱ्याला ‘विभा’ हे नाव दिल्यावर आपल्याला त्यांची आठवण झाली.

हे सारे पारतंत्र्यातले आणि नव्या स्वातंत्र्यातले, आता काळ बदलला आहे, असे कोणी म्हणेल. बदलला आहेच. आज विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गांत निम्म्याहून अधिक मुली असतात, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या निकालपत्रकात दिसेल. परंतु देशातील संशोधकांत स्त्रियांचे प्रमाण पाचात एकही भरत नाही. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिले जात आहेत. भौतिक विज्ञान या शाखेत तो पहिल्यांदा एका महिलेला, प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेच्या अदिती सेन-दे यांना, मिळाला तो २०१८ मध्ये. साठ वर्षे! या साठ वर्षांत पदार्थविज्ञानात एकही पात्र स्त्री नव्हती, असे छातीठोकपणे सांगणारा गुणवत्तावादी पुढे यावा.

मुली एम.एस्सी.पर्यंत येतात आणि पुढे जातात कोठे? उत्तर प्रत्येक मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आहे. तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., एकोणतीस-तिसाव्या वर्षी पीएच.डी. त्यानंतर दोन-चार वर्षे पोस्टडॉक, तेही शक्यतो परदेशात, कारण आपल्याच संस्थांच्या निवड समित्यांना परदेशी शिक्का लागतो. म्हणजे स्थिर नोकरीची पहिली शक्यता पस्तिशीला. आणि नेमक्या याच वर्षांत लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासू-सासऱ्यांचे आजारपण. मुलगा पोस्टडॉकला बोस्टनला गेला तर पेढे वाटले जातात. मुलगी निघाली तर ‘अजून किती शिकणार?’ हा प्रश्न. गार्गी-मैत्रेयीचे दाखले व्याख्यानात देणारेच घरी हा प्रश्न विचारतात, हे विशेष. आणि पती-पत्नी दोघेही शास्त्रज्ञ असतील तर एकाच संस्थेत दोघांना घ्यावयाचे नाही, असा अलिखित संकेत अनेक ठिकाणी असतोच. त्यात माघार कोणी घ्यावयाची, हे सांगावयास नको.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्त्या दिल्या. २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने ९०० अधिछात्रवृत्त्या जाहीर करताना ३० टक्के महिलांसाठी राखल्या. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्तीत पस्तिशीची वयोमर्यादा ठेवली, तरी महिला, दिव्यांग आणि मागास वर्गांना पाच वर्षांची सवलत दिली. २०२० मध्ये महिला संशोधकांसाठी ‘पॉवर’ ही योजना आली. अमेरिकेत या विषयावर एवढा गदारोळ झाला, आपल्याकडे ही कामे गाजावाजा न होता दोन दशके चालली आहेत. ही शिलकीची बाजू आहे आणि ती मोकळ्या मनाने मांडली पाहिजे.

खर्चाची बाजू आता पाहू. २०२४-२५ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनेक अधिछात्रांचे मानधन महिनोन् महिने अडकले. देणी देण्याची नवी संगणकीय पद्धत लागू करताना जुनी बंद झाली आणि नवी चालू होईना. वॉशिंग्टनमध्ये काही दिवस पैसे थांबले तर जगभर बातमी झाली, न्यायालये धावली. येथे पुणे-बंगळूर-कोलकात्यात खोलीभाडे थकलेले संशोधक निमूटपणे ई-मेल पाठवीत राहिले. अमेरिकेत विचारसरणीच्या भांडणातून जे घडले, ते आपल्याकडे केवळ फाईल हलली नाही म्हणून घडले. दोन्हींत अधिक लाजिरवाणे कोणते? ज्या घरात दुसरा मिळवता माणूस आहे तेथील संशोधक आठ महिने तग धरतो. ज्या मुलाच्या मानधनातून गावाकडे पैसे जातात, तो पहिल्या तीन महिन्यांत खासगी शिकवणीवर्गात नोकरी धरतो आणि परत येत नाही. म्हणजे विलंबाचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. ज्यांच्यासाठी योजना आखली तेच आधी गळतात. राष्ट्रवादी विचारांचे शासन केंद्रात असताना हे घडले, म्हणून त्यावर अधिक स्पष्ट बोलले पाहिजे.

याहून मोठी खोट पुढे आहे. अधिछात्रवृत्ती ही शिडी असते. शिडी ज्या माडीला लावावयाची ती माडीच नसेल तर? महिला वैज्ञानिक योजनेतून तीन वर्षांचा प्रकल्प संपविलेली स्त्री पुन्हा तेथेच येऊन उभी राहते जेथून निघाली होती. फक्त वय तीन वर्षांनी वाढलेले असते. केंद्रीय विद्यापीठांत अध्यापकांची हजारो पदे वर्षानुवर्षे रिक्त राहत आली. आपल्या महाराष्ट्राची कथा काय वर्णावी! विद्यापीठांतील पदभरती वर्षानुवर्षे रखडते आणि पीएच.डी. झालेले तरुण तासिका तत्त्वावर, तेही वर्षातील काही महिने, शिकवितात. पदार्थविज्ञानाचा डॉक्टर तासावर पैसे घेतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन शून्य. अशा व्यवस्थेत नवी अधिछात्रवृत्ती जाहीर करणे म्हणजे पंगतीला बोलावून तोंडाला पाने पुसणे होय.

मग उपाय म्हणून पुन्हा परदेशाकडेच पाहिले जाते. २०२० मध्ये ‘गती’ नावाचा उपक्रम आला. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालू असलेल्या ‘अ‍ॅथेना स्वान’ या सनदेच्या धर्तीवर तीस संस्थांनी आपापले आत्मपरीक्षण करावे, असा तो प्रयोग. हेतू चांगला. परंतु आत्मपरीक्षणाचे अहवाल लिहिण्यात आपल्या संस्थांचा हात कोणी धरणार नाही! समिती नेमावी, प्रश्नावली भरावी, महिलादिनी चर्चासत्र घ्यावे आणि संशोधिकेच्या तान्ह्या बाळासाठी पाळणाघर मात्र पुढच्या पंचवार्षिकात. विविधतेचा शब्द आयात केला की तिचे कर्मकांडही आयात होते.

पुण्यातच याहून निराळा एक नमुना आहे. १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांनी ‘आयुका’ उभी केली, ती मुळातच विद्यापीठांसाठी. छोट्या शहरांतील विद्यापीठ-महाविद्यालयांच्या अध्यापकांनी सहयोगी म्हणून यावे, राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, संशोधन करून आपल्या गावी परतावे आणि तेथील विद्यार्थ्यांना घडवावे, अशी तिची रचना. नोकरी न सोडता, घर न मोडता. आसामपासून केरळपर्यंतच्या अध्यापकांना खगोलशास्त्राची दारे त्यातून उघडली. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांची आणि सिद्धांतांची आठवण सर्वांनी काढली. या व्यवस्थेची आठवण फार थोड्यांनी काढली. तिला कोणी विविधतेचा कार्यक्रम म्हटले नाही. म्हणूनच कदाचित ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही आणि टिकली.

एक प्रश्न मात्र आपल्या सर्वोच्च संशोधन संस्थांना विचारावा लागेल. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील अध्यापकपदांच्या आरक्षणासाठी संसदेने २०१९ मध्ये कायदा केला. त्याच्या कलम ४ अन्वये काही संस्थांना त्यातून वगळले. टाटा मूलभूत संशोधन संस्था, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र ही नावे त्या अनुसूचीत आहेत. मूलभूत संशोधनाचे स्वरूप पाहता ही सूट द्यावी, असे संसदेस वाटले. त्याविषयी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. पण सूट म्हणजे विस्मरणाचा परवाना नव्हे. कायद्याची सक्ती नाही, तेव्हा स्वतःहून शोधण्याची जबाबदारी दुप्पट होते. नंदुरबारच्या आश्रमशाळेतून एम.एस्सी.पर्यंत पोचलेला भिल्ल तरुण किंवा बीडच्या ऊसतोड कामगाराची पीएच.डी. झालेली मुलगी यांना हुडकण्यासाठी या संस्थांनी काय केले? त्यांच्या दाराशी जाहिरात पोचली का? मुलाखत इंग्रजीच्या सफाईची झाली की पदार्थविज्ञानाची? अनंतकुमार दासांना असा मुलगा शोधण्यासाठी कोणत्या कायद्याची गरज पडली नव्हती.

करावयाची कामे अवघड नाहीत. सुरक्षित अधिछात्रवृत्तीचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला पडावेत आणि न पडल्यास संबंधित अधिकाऱ्याचे वेतन त्या दिवशी थांबावे. वय जन्मतारखेने मोजण्याऐवजी पीएच.डी.नंतरच्या प्रत्यक्ष संशोधनाच्या वर्षांनी मोजावे. बाळंतपणाची आणि आजारी माणसांच्या शुश्रूषेची वर्षे त्यातून वजा करावीत. पती-पत्नी दोघांना एकाच शहरात सामावून घेणाऱ्या संस्थेला अधिक पदे द्यावीत. राज्य विद्यापीठांतील तासिका तत्त्व मोडीत काढून पदे भरावीत. आणि स्वयंसेवी संस्था, उद्योगपती, परदेशस्थ मराठी मंडळी यांनी मंदिराच्या कळसाला सोने देतानाच एखाद्या विद्यापीठात प्रेमचंद रायचंदांसारखी ठेव ठेवावी. शासन बदलले, मंत्री बदलले, विचारसरणी बदलली तरी अशा ठेवीचे व्याज थांबत नाही. अमेरिकेतील त्या पोस्टडॉक तरुणांपाशी नेमके हेच नव्हते.

त्याचबरोबर केंद्रीय विज्ञान मंत्रालयाने दरवर्षी एकच तक्ता संसदेपुढे ठेवावा: ज्या स्त्रियांना, ज्या अनुसूचित जाती-जमातींच्या तरुणांना पाच वर्षांपूर्वी पोस्टडॉक्टरल अधिछात्रवृत्ती दिली, त्यांपैकी आज किती जण कायम पदावर विज्ञान करीत आहेत. किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कोटी खर्ची पडले, हे आकडे नकोत. ते अहवालांत पुष्कळ असतात. अ‍ॅना मणींचा प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत आजही जपून ठेवलेला आहे. त्यावरची पदवी मात्र मद्रास विद्यापीठाने २००१ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत दिली नाही.